चुकल्यानंतरचा चेंडू

"सगळ्यात वाईट आकडा आधी दाखवा, मॅडम," उज्ज्वला चौगुले म्हणाली. "कौतुक मागनं ऐकू. चहा यायचाय अजून."

रविवारची सकाळ होती, डिसेंबरातला गारठा होता. तासगावातल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात 'मोकळं मैदान' व्हॉलीबॉल लीगची तक्रार समिती बसली होती. समितीचे पाच जण छोट्या बाकांवर गुडघे दुमडून कसेबसे मावले होते आणि पुढं टेबलावर एक चेंडू ठेवला होता. दिसायला साधा, पिवळा-निळा, खेळून खेळून मळलेला.

उज्ज्वला समितीची अध्यक्ष. वय सेहेचाळीस. एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक. गाड्या विजेवर धावायला लागल्या, तिकिटं मोबाइलवर गेली, तरी गाडी सुटताना फलाटावर अजून तिचाच आवाज घुमायचा. स्पीकर बंद पडला तरी कुणाची गाडी चुकत नसे, इतका तो खणखणीत होता. कॉलेजात असताना ती विद्यापीठाच्या संघातली लिफ्टर होती, म्हणजे स्मॅश मारणाऱ्यासाठी नेटजवळ चेंडू उचलून देणारी. आठ वर्षांपूर्वी तिनंच चार टाळकी जमवून ही लीग काढली. नियम एकच होता. संघात सहा जण. त्यात निदान दोन बायका आणि निदान एक पन्नाशीच्या पुढचा. बाकी कुणीही यावं. तृतीयपंथी असो, ऐकू न येणारा असो, एका पायाचा असो. शर्ट घालून वेळेवर आला की तो खेळाडू.

पहिली दोन वर्षं कठीण गेली. नेटच्या पलीकडून टोमणे, कडेला बसलेल्यांच्या शिट्ट्या, जातीवरून, अंगावरून, बाईपणावरून शेरे. मग उज्ज्वलानं कार्ड आणलं. असला शेरा मारला की पिवळं कार्ड, पुन्हा मारला की हंगामाबाहेर. प्रेक्षकांनाही तोच न्याय. एकदा मोठ्या गाडीतून आलेल्या एका व्यापाऱ्यानं तिच्याच संघातल्या अल्फियाला "ए थोटे" अशी हाक मारली. उज्ज्वलानं सामना थांबवला, त्या माणसाला बखोटीला धरलं आणि चालत गेटपर्यंत सोडून आली. त्या दिवसापासून लीगमध्ये कुणी वावगं बोललं नव्हतं. दोन हंगाम तक्रारपेटी रिकामी होती.

आणि तरीही गेल्या हंगामात सात जण लीग सोडून गेले होते.

चार बायका, दोन वयस्क आणि ऐकू न येणारे विठ्ठल शिंपी. सगळ्यांनी कारण एकच दिलं, वेळ मिळत नाही. पण शिंपी रोज संध्याकाळी दुकानासमोर कॅरम खेळताना दिसायचे. वेळ होता. नक्की काय नव्हतं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून समितीनं सांगलीच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापक इंद्रायणी वाटवे यांना बोलावलं होतं, आणि हा चेंडू वाटवेबाईंनी बनवलेला होता.

चेंडूच्या कातड्याखाली कागदाहून पातळ असा एक पापुद्रा होता. हात लागला की तो दबायचा आणि दबला की त्यातून विजेचा बारीकसा झटका निघायचा. त्याच झटक्यावर आतला मोहरीएवढा रेडिओ चालायचा. बॅटरीची गरजच नव्हती. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार खांब होते आणि प्रत्येकाच्या शर्टाच्या शिवणीत एक चिप. खांब चेंडूची आणि माणसांची जागा सेकंदाला दोनशे वेळा टिपत. आवाज नाही, चित्र नाही. कोण कुठं होतं आणि चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला, एवढंच.

"हा बॉल मनातलं ओळखत नाही," वाटवेबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तो इतकंच बघतो, की या क्षणी चेंडू कुणाला देणं सगळ्यात फायद्याचं होतं, आणि दिला कुणाला. एकदा वेगळा दिला तर काही नाही. खेळात डावपेच असतात, घाई असते. पण हजार वेळा मोजलं की घाई गळून पडते आणि सवय उरते."

गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव चहाडखोर ठेवलं. उज्ज्वलाला मात्र तो फार आवडला होता. मागच्या बैठकीत तिनं टेबलावर हात आपटून ठराव करून घेतला होता, "आकडे नावानिशी फलकावर लागले पाहिजेत. कुणाची भीड ठेवायची नाही. समितीतला असला तरी."

आज महिन्याभराचे आकडे आले होते, आणि वाटवेबाई चष्मा पुसत बसल्या होत्या.

"दाखवा की," उज्ज्वला म्हणाली.

बाईंनी पडद्यावर ओळ आणली. लीगमधल्या साऱ्या लिफ्टरांमधली सगळ्यात वाईट जोडी. *लिफ्टर: उज्ज्वला चौगुले. खेळाडू: अल्फिया शिकलगार. अल्फियाकडे चेंडू देणं योग्य होतं अशा शंभर वेळांपैकी नऊ वेळा दिला.*

शेजारच्या बाकावर धोंडिराम मस्के बसले होते. निवृत्त पोस्टमन, वय चौसष्ट, उज्ज्वलाच्याच संघातले, सगळे त्यांना बापू म्हणत. ते खोकले.

"मशीन चुकलंय," उज्ज्वला म्हणाली.

"मलाही तेच वाटलं. तीनदा तपासलं मी."

"अहो, ती उजव्या कोपऱ्यात असते. मला तिकडं पाठ करून लिफ्ट द्यावी लागते. अवघड असतंय ते, खेळणाऱ्याला विचारा."

"तुमच्याच संघातला प्रताप पाटील त्या कोपऱ्यात आला की शंभरात एकसष्ट," वाटवेबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि अल्फिया डाव्या हाताची आहे. डावखुऱ्या खेळाडूला उजवा कोपरा सगळ्यात सोयीचा. ते मला तुमच्याच एका मुलाखतीतून कळलं."

चहा आला. कुणी उचलला नाही. मग उज्ज्वला उठली, छापलेला कागद हातात घेतला, बाहेर व्हरांड्यातल्या फलकापर्यंत गेली आणि स्वतःच्या हातानं चार टाचण्या मारून आली. संध्याकाळपर्यंत त्या कागदाचा फोटो तालुकाभर फिरला.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर ती स्कूटर काढून मणेराजुरीच्या रस्त्याला लागली. अल्फिया द्राक्षबागांवर ड्रोननं औषध मारायचं काम करायची. सहा वर्षांची असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात तिचा उजवा हात कोपराखाली गेला होता. त्यानंतरची वीस वर्षं तिनं डाव्या हातावर अशी काढली होती, की ड्रोनचं नियंत्रक गळ्यात अडकवून एका अंगठ्यानं ती दोन-दोन ड्रोन एकदम फिरवायची.

उज्ज्वला बांधावर उभी राहिली. ड्रोन ओळीच्या टोकाला जाऊन वळला, परत आला, खाली उतरला. अल्फियानं तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"या ताई. लांब थांबा, वास लागंल."

"अल्फिया, तो कागद बघितलास?"

"बघितला की. अम्मीनं मोठा करून बघितला."

"अगं, माझ्या मनात तसलं काही न्हवतं. शप्पथ घेऊन सांगते. तुला मी धाकट्या बहिणीसारखी..." उज्ज्वलाचा तो खणखणीत आवाज बांधावर अडखळला. "तुला वाचवत होते मी."

"कशापासनं?"

"बॉल चुकला की लोक बघतात. दुसऱ्याचा चुकला तर चुकला म्हणतात. तुझा चुकला तर हाताकडं बघतात. ते मला सोसत नाही."

अल्फिया थोडा वेळ ड्रोनची पाती पुसत राहिली.

"म्हणजे लोकांनी हाताकडं बघू नये म्हणून तुम्ही हातात बॉलच येऊ दिला नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं हे मनात पुष्कळदा म्हणून पाहिलं असावं.

"तुला ठाऊक होतं?"

"ताई, मी मैदानात उभी असते. मला नसंल ठाऊक तर कुणाला?"

"मग बोलली का नाहीस एकदा तरी?"

"कुणाकडं? तक्रारपेटीची किल्ली तुमच्याकडं." अल्फियाला स्वतःलाच हसू आलं, मग ते विरलं. "त्या माणसाला तुम्ही गेटापर्यंत सोडलं ना, त्या दिवशी मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. माझ्यासाठी कोण असं कधी उठलं न्हवतं. पण खरं सांगू? त्याच्याशी मला भांडता आलं असतं. तुमच्याशी कसं भांडू? तुम्ही तर माझ्याच बाजूच्या."

लीग सोडून गेलेल्या सातांत आठवं नाव कुणाचं लागणार होतं, हे उज्ज्वलाच्या आत्ता ध्यानात आलं.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला दुरुस्त करायला एक हंगाम दे."

"अर्धा देते," अल्फिया म्हणाली आणि मास्क वर चढवला.

समितीनं घाईघाईनं उपाय काढला, आणि तो काढण्यात उज्ज्वलाच सगळ्यात पुढं होती. नियम असा, की कुठल्याही खेळाडूला त्याच्या योग्य वाट्यातले शंभरातले निदान चाळीस चेंडू मिळालेच पाहिजेत. नाही मिळाले तर संघाचा एक गुण कापायचा. आकडा दर सेटला फलकावर झळकणार.

पुढचे तीन रविवार तासगावनं असला व्हॉलीबॉल पाहिला की लोक घरून खुर्च्या घेऊन यायला लागले.

सेट संपत आला की प्रत्येक संघाला आकड्याची आठवण व्हायची. मग ज्यांना आजवर चेंडू शिवत नव्हता, त्यांच्यावर चेंडूंचा वर्षाव सुरू व्हायचा. समोरच्या संघालाही फलक दिसायचाच. "आता हिच्याकडं! आता हिच्याकडं!" असं ओरडत तिघं तिघं तिच्यासमोर भिंतीसारखे उभे राहायचे. एका संघानं आपल्या साठीच्या काकांना एका सेटमध्ये सतरा चेंडू दिले. अठराव्याला काका खाली बसले, हात जोडले आणि म्हणाले, "माझा वाटा मिळाला रे बाबांनो. आता मला घरी सोडा."

उज्ज्वलाच्या संघाचं नाव होतं 'बेदाणा इलेव्हन'. खेळणारे सहाच, पण शर्ट देणाऱ्या शेठजींना फक्त क्रिकेट माहीत होतं. त्यांच्यातल्या अल्फियाचा आकडा तिसऱ्या रविवारी शंभरात त्रेपन्न आला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. बापूंनी "वा गं वा" केलं. अल्फियानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि ती सरळ उज्ज्वलासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, आधी तुम्ही मला बॉल देत न्हवता. आता तुम्ही मला आकडा देताय."

"अगं, त्रेपन्न..."

"आपण सात पॉइंटांनी पुढं होतो. आज मला आलेले सगळे बॉल तेव्हाचे. आठवून बघा." आणि ती पाण्याच्या पिंपाकडे निघून गेली.

उज्ज्वलानं आठवून पाहिलं. खरं होतं. पण त्याच्या मुळाशी काय आहे, ते तिला अजून सापडत नव्हतं. मनात वाईट नाही, आकडा चांगला आहे, तरी समोरची पोरगी दुखावलेली. ती दोन दिवस डेपोत घोषणा करताना गाड्यांची नावं चुकली, आणि विट्याची माणसं मिरजेच्या गाडीत बसता बसता राहिली.

ते सापडलं गुरुवारच्या सरावात, आणि तेसुद्धा तिच्या स्वतःच्या मानेत.

प्रताप पाटील हा त्यांचा डावीकडचा स्मॅशर. पेट्रोल पंप बंद करून त्यानं गाड्या चार्ज करायचं स्टेशन टाकलं होतं, आणि त्याचा आत्मविश्वास मात्र कायम पूर्ण चार्ज असायचा. त्या दिवशी त्यानं पहिला स्मॅश नेटमध्ये घातला. "दे की गं, दे परत!" तो ओरडला. तिनं दिला. दुसरा बाहेर. "दे, दे, येतोय आता!" तिनं दिला. तिसराही बाहेर गेला. चौथा बसला आणि प्रतापनं दोन्ही हात वर करून मैदानाला फेरी मारली.

मग अल्फियानं एक चेंडू बाहेर मारला. वीतभर बाहेर. ती काही ओरडली नाही. आणि पुढचा पास वर आला तेव्हा उज्ज्वलाची मान आपोआप डावीकडे वळली. तिनं वळवली नव्हती. ती वळली. एखाद्या दाराला उतार असावा आणि ते आपसूक मिटावं, तशी.

उज्ज्वलानं चेंडू हातात धरला आणि खेळ थांबवला.

"काय झालं?" बापूंनी विचारलं.

"बापू, तुम्ही चुकलात की काय होतं?"

बापू हसले. "काय व्हायचंय? त्यानंतर मी निवांत असतो. पुष्कळ वेळ बॉल येत नाही. मग आला की दचकतो, आणि परत चुकतो."

उज्ज्वलानं तिथूनच वाटवेबाईंना फोन लावला. "मॅडम, एकूण किती बॉल मिळाले ते सोडा. माणूस चुकल्यावर त्याला पुढचा बॉल किती वेळानं मिळतो, हे तुमच्या चेंडूला सांगता येतं का?"

"येतं," बाई म्हणाल्या. "सगळी नोंद आहेच. हा प्रश्न मी विचारायला हवा होता. उद्या येते."

शुक्रवारी संध्याकाळी दोघी चित्रकलेच्या वर्गात बसल्या. वाटवेबाईंनी पडद्यावर रेघा काढल्या. प्रताप चुकला की सरासरी दुसऱ्याच रॅलीत, म्हणजे सर्व्हिसपासून गुण मिळेपर्यंतच्या दुसऱ्याच खेळीत, चेंडू पुन्हा त्याच्याकडे. अल्फिया चुकली की अकराव्या रॅलीत. चाळिसाचा नियम आल्यानंतरही नवव्या, कारण तिचा वाटा नेहमी शेवटी, सामना हातात आल्यावर भरला जात होता. आणि ही एकट्या उज्ज्वलाची गोष्ट नव्हती. सगळ्या संघांत तेच होतं. बायका, वयस्क, ज्यांच्या अंगात काही कमी आहे असं दिसतं ते, जे नवे ते. त्यांना चेंडू कमी मिळत होते कारण त्यांना चूक परवडत नव्हती. एक चूक झाली की दार मिटत होतं.

"यात एक गंमत आहे, वाईट गंमत," बाई म्हणाल्या. "माणसाचा हात चुकीतूनच शिकतो. चेंडू बाहेर गेला, की पुढच्या काही सेकंदांत मेंदू हिशेब दुरुस्त करतो, आणि लगेच दुसरा चेंडू मिळाला तर ती दुरुस्ती पक्की बसते. प्रतापला ती संधी दर वेळी मिळते. बाकीच्यांना आठ-दहा रॅलींनंतर. मग हंगामाच्या शेवटी प्रताप खरोखरच जास्त चांगला खेळतो, आणि आपण म्हणतो, बघा, आम्ही बरोबरच देत होतो."

"गेल्या वर्षीचं काही आहे का? सोडून गेले त्यांचं?"

"चेंडू नव्हता तेव्हा. पण अंतिम आठवड्यांची चित्रफीत होती लीगकडे, ती मी हातानं मोजली." बाईंनी एक नाव दाखवलं. "विठ्ठल शिंपी. शेवटचे तीन सामने. तिन्हींत एकेक चूक. त्या चुकीनंतर त्या सामन्यात एकदाही चेंडू नाही."

उज्ज्वला बराच वेळ त्या रिकाम्या रेघेकडे बघत राहिली. या माणसाला कुणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं. कार्ड दाखवावं असं कुणी काही केलंच नव्हतं.

रविवारी तिनं सगळ्या संघांच्या लिफ्टरांना बोलावलं. चाळिसाचा नियम रद्द, असं तिनं जाहीर केलं. गुण कापणं रद्द. फलक रद्द.

"मग चहाडखोराचं काय करायचं?" एकानं विचारलं. "परत पाठवायचा?"

"तो खेळंल. पण तो आता चहाडी करणार नाही. प्रत्येक लिफ्टरला सामन्यानंतर एकच आकडा कळणार, त्याचा त्यालाच. चुकलेल्या माणसाला तू पुढचा बॉल किती वेळानं दिलास. बस. कुणाला दाखवायचा नाही, दंड नाही. माझा मी तुम्हाला सांगते, कारण फलकावर मी आधीच लागलेय. अकरावी रॅली. तो आकडा घेऊन मी घरी गेले, तेव्हा जेवण गेलं नाही. तुमचं पण जाणार नाही. बघा तर एकदा."

कुणीतरी म्हणालं, दंडच नाही तर ऐकणार कोण? उज्ज्वला म्हणाली, "मला दंड कुठं झाला होता?"

मग तिनं आणि बापूंनी शिंप्यांचं दुकान गाठलं. बापूंनी पाटीवर लिहून दाखवलं, आम्ही चुकलो. शिंप्यांनी वाचलं, खडू घेतला आणि खाली लिहिलं, उशीर केला. मग जरा थांबून, मापाची फीत गळ्यातून काढून ठेवली आणि विचारलं, सराव किती वाजता? सातांपैकी तिघं परत आले. चौघं नाही आले, आणि त्यांना कुणी पुन्हा विचारून भंडावलं नाही.

लिफ्टरांची तोंडं पहिल्या आठवड्यात उतरलेली दिसली. मग हळूहळू खेळ बदलायला लागला. आधी तो वाईट झाला. चुका वाढल्या, सामने लांबले. मग जानेवारी सरता सरता लोकांच्या लक्षात आलं, की समोरच्या संघात आता कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं, हेच कळेनासं झालंय. खुर्च्या घेऊन येणारे लोक खुर्च्यांवर बसायचे विसरले.

उपांत्य सामना कवठे एकंदच्या संघाशी होता. दुपारी चारला सुरू झाला. एक सेट त्यांचा, एक बेदाणा इलेव्हनचा, आणि तिसरा पंधराचा. तेरा-तेरा झाले तेव्हा बापूंच्या शर्टातून घाम पिळून निघत होता आणि प्रताप पहिल्यांदाच गप्प होता.

पास चांगला वर आला. उजव्या कोपऱ्यात अल्फिया मोकळी होती. उज्ज्वलानं पाठमोरी लिफ्ट दिली. अल्फिया उडाली, डावा हात फिरला आणि चेंडू रेघेच्या वीतभर बाहेर पडला.

तेरा-चौदा. समोरच्यांना जिंकायला आता एकच गुण हवा होता.

उज्ज्वलाला ठाऊक होतं, सगळे आता कुठं बघतायत. तिलाही तिकडेच बघावंसं वाटत होतं. तिनं पाहिलं नाही. तिनं चेंडूकडे पाहिलं.

समोरून सर्व्हिस आली. बापूंनी दोन्ही हात जोडून ती उचलली, वाकडीतिकडी पण उंच. उज्ज्वला चेंडूखाली धावली. डावीकडून प्रताप ओरडत होता, "मला! मला!" आणि मानेतलं ते जुनं दार डावीकडे झुकलं. ते झुकलेलं तिला स्वच्छ जाणवलं. तेवढ्यात उजवीकडून दुसरा आवाज आला. पहिल्यांदाच.

"ताई, इकडं!"

उज्ज्वलानं पाठ वळवली आणि चेंडू मागं सोडला.

अल्फिया तो मारायला उडाली. समोरून दोन उंच हात वर आले. चेंडू हातांवर आदळला, नेटवर घासला, क्षणभर कुठं पडावं याचा विचार केल्यासारखा घुटमळला आणि बेदाणा इलेव्हनच्याच बाजूला पडला.

तेरा-पंधरा. सामना गेला.

कवठे एकंदवाल्यांनी एकमेकांवर उड्या घेतल्या. उज्ज्वला गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. आता ती पोरगी रडेल, आता तिला जवळ घ्यावं लागेल, असं तिच्या मनात आलं. पण अल्फिया नेटजवळून तरातरा चालत आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"ही कसली लिफ्ट?" ती ओरडली. "नेटला चिकटवून ठेवली! हात फिरवायला जागा कुठं होती मला? हातभर मागं नको होती?"

सगळं मैदान ऐकत होतं. डेपोत, घरात, लीगमध्ये उज्ज्वलावर असं आवाज चढवून बोलायची गेल्या वीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती.

"चिकटवून?" ती म्हणाली आणि तिचा खणखणीत आवाज परत आला. "हातभर होती मागं! तू उशिरा उडालीस!"

"मी उशिरा? बापूंचा पास वाकडा आला, तुम्ही धावत होता. तेव्हा उंच द्यायची, उंच! सगळ्या तालुक्याला शिकवता आणि..."

"माझा पास काय वाकडा नव्हता हं," बापू मधेच म्हणाले.

"तुम्ही गप बसा, बापू!" दोघी एकदम म्हणाल्या.

प्रताप पाण्याची बाटली घेऊन आला, दोघींचे चेहरे पाहून ती तिथंच ठेवून गेला. वाटवेबाई कडेला बसल्या होत्या. त्यांनी टॅब्लेट उघडला. चेंडू नेटपासून नक्की किती लांब होता आणि अल्फियाचे पाय जमिनीवरून कधी सुटले, हे त्यांना क्षणात सांगता आलं असतं.

"बघू का?" त्यांनी उत्साहानं विचारलं. "शतांश सेकंदापर्यंत सांगते."

"नको!" उज्ज्वला आणि अल्फिया एका सुरात ओरडल्या, आणि पुन्हा एकमेकींकडे वळल्या.

वाटवेबाईंनी टॅब्लेट मिटला. दोघी भांडत भांडत चहाच्या गाड्यापर्यंत गेल्या, तिथं उभ्या राहून भांडल्या, आणि दुसरा चहा सांगितला तरी लिफ्ट नेटला चिकटली होती की नाही, हे काही ठरलं नव्हतं.